बाहत्तरची जीप घ्यावी का?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो.

‘पुढच्या मार्चमध्ये मी बँकेतून निवृत्त होतोय. माझे वडील पंचायत समितीच्या जीपवर ड्रायव्हर होते, त्यामुळे लहानपणापासून जीपचं वेड. पुण्यात एक महिंद्राची सीजे थ्री बी विकायला आहे, १९७२ची. जाहिरातीत “पूर्ण रिस्टोअर केलेली, मॉडिफाइड, विंटेज फोर बाय फोर, कापडी हुडाची” असं लिहिलंय. गाडी हरियाणात तयार करून आणली आहे. ऑलिव्ह ग्रीन रंग, ३१ इंची टायर, पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, रोलबार, आणि डिझेल इंजिन. आरसीवर मात्र इंधन पेट्रोल आहे. विकणारे म्हणतात, जुन्या गाड्यांना कोणी विचारत नाही, उलट विंटेजचा खास नंबर मिळेल. किंमत साडेसात लाख. रविवारपर्यंत पन्नास हजार इसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतात. बायको म्हणते, निवृत्तीचे पैसे जुन्या लोखंडात घालू नका. मुलगा म्हणतो, हप्त्यावर नवी थार घ्या. काय करू?’

नमस्कार.

रविवारी इसार देऊ नका. पन्नास हजार तर नाहीच, पाच हजारही नाही. जीप घ्यायची तुमची इच्छा मला मनापासून पटते आणि ती पुरी व्हावी असंच मला वाटतं. पण तुमच्याच पत्रातल्या एका ओळीवर हा व्यवहार थांबतो: आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, गाडी बनवणाऱ्याने जे ठरवलं आणि आरसीत जे नोंदलं गेलं, त्यात तफावत पडेल असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ला केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलता येतच नाही असं नाही. पण त्यासाठी आधी आरटीओची परवानगी लागते, मग तपासणी होते, आणि नवं इंजिन, त्याचा नंबर, इंधन हे सगळं आरसीवर चढतं. तुमच्या जीपचं यातलं काहीच झालेलं दिसत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बदल केला दुसऱ्याने हे खरं, पण नाक्यावर गाडी अडवली की जाब आरसीवर ज्याचं नाव त्यालाच विचारतात.

दंडाची मला एवढी काळजी नाही. काळजी आहे ती अपघाताची. समजा, कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात गाडी कोणाला तरी घासली. विमा कंपनीचा सर्व्हेयर येतो आणि पहिलं काम करतो ते चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघण्याचं. नंबर जुळत नाही, इंधन जुळत नाही. तिथे कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. जखमी माणसाला भरपाई मिळाली तरी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला कंपनी मागे लागू शकते. आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासलेल्या माणसाला यापुढे मी काय समजावणार! हा कागद तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही तो परत पाठवला असता.

‘जुन्या गाड्यांना कोणी विचारत नाही’ हेही खरं नाही. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नव्याने पासिंग करावं लागतं, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. पासिंगच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडणारच. तेव्हा विकणाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारा: आरसीची मुदत कधीपर्यंत आहे? ती चार-सहा महिन्यांत संपत असेल, तर इतकी घाई कशासाठी चालली आहे ते तुमच्या लक्षात येईल. गाडीला नंबर कुठल्या राज्याचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. परराज्यातला असेल तर तिथली एनओसी, इथला कर आणि इथला नवा नंबर हे सगळं आलं, आणि त्यातल्या प्रत्येक पायरीवर तपासणी आहे.

आता तो खास नंबर. हे आमिष अनेकांना दाखवलं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, आणि पाट्यांवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. १९७२ची जीप वयाने यात बसते, पण पुढची अट वाचा: गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे जाहिरातीतला ‘मॉडिफाइड’ हा शब्द खरा असेल तर ‘विंटेज’ची नोंदणी मिळणार नाही. दोन्ही एकाच गाडीत मिळत नाहीत. शिवाय मिळाली तरी तुमच्या कामाची नाही. विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि इंधन भरायला किंवा दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला तर सकाळी उठून बामणोलीला जायचंय.

रंगाचीही एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. जीप म्हटली की लष्करी हिरवा डोळ्यांपुढे येतो हे मला समजतं, पण तो रंग बदलावा लागेल आणि आरसीवर जो रंग आहे त्याच्याशी जुळवावा लागेल. चांगलं रंगकाम स्वस्त नाही. किंमत ठरवताना हे धरा.

कागदांचं इथपर्यंत. आता खुद्द गाडीबद्दल, कारण तुमचा जीव तिच्यात आहे.

सीजे थ्री बी ही अमेरिकेतल्या विलीज कंपनीने १९५३मध्ये आणलेली जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचीच ही नात, ८० इंचांचा तोच आखूड व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. तिचं बॉनेट इतर जीपांपेक्षा उंच का दिसतं, हे तुमच्या वडिलांना नक्की माहीत असणार. ‘हरिकेन’ नावाच्या २१९९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये आणले होते. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट वर चढवावं लागलं. महिंद्राने १९४९मध्ये माझगावला विलीज जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे हेच मॉडेल आपल्याकडे इतकं रुळलं की, तिकडे त्याचं उत्पादन १९६८मध्ये थांबलं तरी इकडे ते चालूच राहिलं. पंचायत समिती, पाटबंधारे, जंगल खातं, साखर कारखाना, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे तीच. याचा आज एक मोठा फायदा आहे. सुटे भाग मिळतात. मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत काश्मिरी गेटला शोधलं तर बहुतेक सगळं हाताला लागतं. पन्नास वर्षांच्या फार थोड्या गाड्यांबद्दल असं म्हणता येईल.

पण तिच्याकडून काय मिळेल आणि काय नाही, हे नीट समजून घ्या. मूळ गाडीत तीन गिअर आणि मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८. सोप्या भाषेत, चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टला जवळपास साडेपाच वेळा फिरावं लागतं. चढाला आणि चिखलाला हे उत्तम. हायवेला मात्र मूळ मापाच्या टायरवर ताशी ८०ला इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या वर फिरत असतं. डिझेल इंजिन बसवलं आणि डिफरन्शियल तेच ठेवलं, तर त्या आवाजात शेजारच्याशी बोलणंही जड जातं. पुणे-सातारा दर आठवड्याला करायचं असेल तर ही गाडी तुमची नाही. कास, ठोसेघर, कोयनेच्या काठचे कच्चे रस्ते, शेतावरची ये-जा, यासाठी असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही.

‘रिस्टोअर’ म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल. हरियाणात मंडी डबवाली नावाचं गाव जीपा बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर हुशार आहेत, पत्र्याचं काम बघत राहावं असं करतात. पण अशा ठिकाणी बांधलेल्या गाडीत बॉडी नवी, एक्सल दुसऱ्या गाडीचे, इंजिन तिसरीचं आणि कागद चौथीचे असं असू शकतं. म्हणून १९७२चं नेमकं काय शिल्लक आहे, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. खरं रिस्टोरेशन करणारा माणूस कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो आणि बिलं जपून ठेवतो. चेसिस उघडी पडलेली, जुना गंजका पत्रा कापून काढलेला, लेथवरून आलेले भाग, असे फोटो हवेत. फक्त रंग झाल्यानंतरचे चकचकीत फोटो दाखवले, तर ते डेंटिंग-पेंटिंग आहे.

बघायला जाल तेव्हा एखादा जुना जीप मिस्त्री सोबत न्या. साताऱ्यात, कराडला असे लोक अजून आहेत. वडिलांच्या ओळखीतलं कोणी असेल तर फारच छान. सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन गार असताना बघायचंय. तुम्ही पोचलात आणि बॉनेट गरम लागलं तर उगाच वाद न घालता चहा घ्या आणि ते गार होईपर्यंत थांबा.

आधी खाली वाका. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे चेसिसला बांधलेले असतात त्या हँगरपाशी आणि मागच्या आडव्या पट्टीपाशी टॉर्च मारा. गंज आत, पोकळ भागात धरतो, बाहेरून काळा रंग मारलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. घट्ट लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. मग एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून मडगार्ड, फ्लोअर आणि सीटखालच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. चेसिसवर ठोकलेल्या नंबरपाशी वेळ काढा. त्याच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा, वेल्डिंगची गाठ, किंवा अक्षरं वरखाली वाटली, तर पुढचं काहीही न बघता घरी या. नंबर स्वच्छ असेल तर त्यावर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा.

इंजिन सुरू असताना ऑइलचं झाकण काढायला सांगा. तिथून भकाभका धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन खोलावं लागेल. बदललेल्या इंजिनाचे माउंट चेसिसला वेल्ड केलेले असतात, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्सही तसाच. त्या जोडांना केसाएवढ्या भेगा आहेत का ते मिस्त्रीला तपासू द्या. स्टिअरिंगचा जोड हलला तर घाटात माणसाच्या हातात काहीच राहत नाही.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, खरंच चालतं का, हे बघणारे फार थोडे असतात. मॉडिफाय करताना पुढचा शाफ्ट काढून टाकलेल्या जीपा मी बघितल्या आहेत. आत लिव्हर मात्र जागेवर असतो. मागच्या चाकांना ओंडके लावा, लिव्हर टू व्हीलवर ठेवा, पुढचं एक चाक जॅकवर उचला, चाकाच्या मध्यावरचं हब लॉक करा आणि चाक हाताने फिरवा. पुढचा शाफ्ट सोबत फिरला पाहिजे. मग मोकळ्या मातीत न्या, फोर हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) सरळ चालवा, नंतर लोमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) टाकून एखादा चढ चढवा. लोमध्ये गाडीची ओढ जवळपास अडीच पट होते, फरक ढुंगणाखाली जाणवतो. लिव्हर उडून बाहेर येत असेल तर ट्रान्स्फर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना जोर वाटून देणाऱ्या पेटीचं, काम आहे. हे सगळं मातीतच करा. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून वळण घेतलं की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण अडकतो आणि काहीतरी तुटतं.

मॉडिफिकेशनमधलं मला एक पटतं आणि एक मुळीच पटत नाही. डिस्क ब्रेक पटतात. मूळ जीपला चारही ड्रम आणि ब्रेकची एकच लाइन. एका ठिकाणी पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून विचारायचं ते हे: डिस्क कुठल्या गाडीच्या लावल्या, आणि पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही त्याला साजेसा, दोन लाइनचा घातला का? नुसत्या डिस्क लावून जुनाच सिलिंडर ठेवला असेल तर ते काम अर्धवट आहे. न पटणारी गोष्ट म्हणजे ३१ इंची टायर. मूळ ६.००-१६चा टायर साधारण पावणेएकोणतीस इंच भरतो. मोठ्या टायरमुळे काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६५च्या आसपास असता, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंग पिनचे बेअरिंग लवकर झिजतात. ते झिजले की खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं थरथर कापायला लागतात आणि गाडी थांबवेपर्यंत थांबत नाहीत. दिसायला रुबाब येतो, पण घाटात राहणाऱ्या माणसाने मूळ मापाचे टायर घालावेत.

रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारी नळ्यांची कमान, चांगला, पण त्यावर जाड फोम हवा आणि सगळ्या सीटना पट्टे हवेत. उघड्या नळीवर डोकं आपटलं तर बचावाची वस्तूच जीव घेते. आणि मागच्या आडव्या बाकांवर नातवंडांना बसवून घाटात जायचं नाही, हे मी विनंतीने नाही, आग्रहाने सांगतो. त्या बाकांवर बसलेल्या मुलाला धक्क्यात धरून ठेवणारं काहीच नसतं.

वहिनींचं म्हणणं रास्त आहे. फंडातून आणि ग्रॅच्युइटीतून महिन्याचा खर्च, आजारपण, मुलाची जबाबदारी हे बाजूला काढल्यावर जे उरेल, त्यातूनच ही हौस व्हावी. आणि खरेदीच्या किमतीवर निदान दीड लाख वेगळे ठेवा, कारण पहिल्या वर्षात अशी गाडी पैसे मागतेच. त्यांना गाडी बघायला सोबत न्या. शेजारी बसवून अर्धा तास फिरा, हूड काढून आणि हूड लावूनही. पावसाळ्यात बाजूच्या पडद्यांतून पाणी येतं हे त्यांना आधीच सांगा. त्या नकोच म्हणाल्या तर कारण ऐकून घ्या. बहुधा त्यांना पैशांपेक्षा तुमच्या जिवाची धास्ती आहे, आणि त्यावर उत्तर ब्रेकचं, पट्ट्यांचं आणि विम्याचं असतं.

मुलाच्या थारबद्दल एवढंच: गाडी चांगली आहे, पण निवृत्तीनंतर पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊ नका. आणि तुम्हाला जे हवंय ते तिच्यात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

मग काय करायचं? विकणाऱ्यांना फोन करून शांतपणे सांगा की गाडी आवडली आहे, पण आधी इंजिनाची नोंद आरसीवर करून द्या आणि रंग आरसीप्रमाणे करून द्या, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या त्यानंतर, आणि पैसे सगळ्यात शेवटी, बँकेतूनच. ‘तुम्ही नावावर करून घ्या, मग नोंद होऊन जाईल’ याला हो म्हणू नका. ते तयार झाले तर गाडी पुन्हा बघू. दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायची असेल तर देऊ द्या.

त्यांनी नकार दिला तर माझं मत ऐका: डिझेलच हवी असेल तर कंपनीतूनच डिझेल आलेली जीप शोधा. महिंद्राची एमएम ५४० ऐंशीच्या दशकात आली, तिच्यात पूजोच्या रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन कंपनीनेच घातलेलं आहे. व्हीलबेस ९१ इंचांचा, त्यामुळे घाटात आणि खड्ड्यात जास्त स्थिर. उघडी आहे, कापडी हुडाची आहे, फोर बाय फोरमध्ये मिळते, आणि आरसीवर डिझेलच लिहिलेलं असतं. ती पन्नास वर्षांची नाही, विंटेज म्हणून मिरवता येणार नाही, पण रोज बाहेर काढता येईल. आणि थ्री बीच हवी असा हट्ट असेल, तोही मला आवडेल, तर मूळ पेट्रोल इंजिनाची, कागद चालू असलेली, थोडी मळकी चालेल अशी घ्या. इंजिनाचं काम तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या मिस्त्रीकडून करवून घ्या.

निवृत्तीला अजून वेळ आहे, तोवर दोन-चार गाड्या तरी बघून होतील. एखादी पसंत पडली तर आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, नाव-पत्ता झाकून, चेसिस नंबरच्या ठशासह मला पाठवा. इसार देण्याआधी पाठवा.